वन्संना गं म्हणत नाहीत

लिफ्टचं दार दुसऱ्या मजल्यावर उघडलं. "ये गं, चल ना. भूक लागलीय ना तुला?" असं कुणीतरी म्हणालं आणि लिबे निघाली. एक पाऊल बाहेर टाकूनसुद्धा झालं. मग तिच्या लक्षात आलं की आपण चौथ्या मजल्यावर राहतो, आणि ही बाई आपल्याशी बोलत नाहीये. बाई नवी होती, डोंगराकडच्या कुठल्या खेड्यातून नुकती बिल्बावला राहायला आलेली असावी. लिबेच्या पायांमागं कोपऱ्यात त्या बाईची काळी कुत्री फतकल मारून बसली होती, तिला ती बोलवत होती. "तुम्हालाही इथंच उतरायचंय का?" बाईनं आदबीनं विचारलं. लिबे नाही म्हणाली, चुकून, म्हणाली, आणि मागं सरली. कुत्री तिच्या पायांना घासून बाहेर गेली. दार बंद झालं. लिफ्टच्या आरशात लिबेनं स्वतःचं तोंड पाहिलं तर ते लाल झालं होतं, शाळेत बाईंनी उभं केल्यावर व्हायचं तसं.

दुसरी कुणी असती तर घरी जाऊन नवऱ्याला सांगून पोट धरून हसली असती. पण लिबेचा नवरा आबिलियो बुर्गोसचा, स्पॅनिश बोलणारा. तीस वर्षं बिल्बावात काढून त्याला बास्क भाषेतले नमस्कार, चमचा आणि दोन शिव्या येत. त्याला सांगायचं म्हणजे आधी व्याकरण सांगायला हवं. बास्क बोलीत 'तू' दोन. एक रोजचा, जरा मानाचा; तो नवऱ्याला, आईला, मुलीला, गिऱ्हाइकाला, सगळ्यांना चालतो. दुसरा अगदी सलगीचा, आणि तो बाईमाणसाला लावायचा तर क्रियापदाच्या शेपटीला एक 'न' येतो. आपण 'गं' म्हणतो ना, तसाच. तो बहिणीला लागतो, जिवाच्या मैत्रिणीला लागतो, गाईला, घोडीला आणि कुत्रीला लागतो. बाकी कुणाला लावाल तर थोबाडीत खाल. हे सगळं सांगून झाल्यावर विनोदात राहिलं काय? आबिलियो सायकलींची शर्यत बघत होता. लिबे स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि हात न धुता तशीच उभी राहिली. आपल्याला शेवटचं 'गं' कुणी म्हटलं, हे तिला आठवेना. चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर शेकडो माणसांशी बोले. आता स्पष्ट दिसतंय का, ही काच बरी की ती, जरा वर बघा. सगळं गोड, सगळं आदबशीर. मुलगी शाळेतलं पुस्तकी बास्क बोले आणि आईशी मानानंच बोले. बोलणाऱ्यांचा तोटा नव्हता, पण त्यात हाक नव्हती. कुत्रीची हाक तिनं चोरून घ्यायला जावी इतकी ती भुकेली होती आणि ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं, या गोष्टीनं ती नळापाशी अक्षरशः थक्क होऊन उभी राहिली. पाणी वाहतंय म्हणून आबिलियो बाहेरून ओरडला तेव्हा तिनं नळ बंद केला.

तसं गं म्हणणारी एकच होती. कोंचेसी. आर्काल्दे गावात, बंदराच्या वरच्या अंगाला, भिंतीला भिंत लागून दोघींची घरं. ओहोटी लागली की दोघी खडकांवर उतरून चाकूनं कालवं सोडवायच्या आणि तिथंच खायच्या, आणि तोंडं चालूच. बघ गं, सरक गं, माझं कशाला घेतेस गं, मर गं तिकडं. शाळेत नन त्या 'गं'बद्दल हातावर पट्टी मारायच्या. ही कोळणींची भाषा, सभ्य मुली असं बोलत नाहीत, म्हणायच्या. कोंचेसी हात चोळत जागेवर यायची आणि कानात म्हणायची, काय गं, आपण कोळणी नाही तर कोण गं, बिशपच्या मावश्या? मग लिबे पण पट्टी खायची, हसल्याबद्दल. पुढं कोंचेसीचं लिबेच्या भावाशी, प्राश्कूशी, जमलं, तेव्हा लिबेला आभाळ ठेंगणं झालं होतं. आता ही कायमचीच आपल्या घरात. आणि नेमकं तिथंच सगळं बिनसलं. लग्नाच्या जेवणात टेबलाच्या त्या टोकावरून कोंचेसी, डोक्यावर फुलं घेतलेली नवरी, ओरडली, "लिबे, मीठ दे गं इकडं!" लिबेच्या आईनं, शेशिलीनं, चमचा खाली ठेवला. शेशिली आवाज चढवणारी बाई नव्हती. चढवायची गरजच पडायची नाही. "आता ती तुझी नणंद आहे, कोंचेसी," ती म्हणाली. "या घरात वन्संना गं म्हणत नाहीत." कोंचेसीनं लिबेकडं पाहिलं, डोळा मिचकावला, आणि नाटकातल्यासारखी मान लववून म्हणाली, "वन्सं, जरा मीठ देता का?" लिबेनं उठून, मान लववून, "घ्या ना, वहिनी," म्हणत मीठ दिलं. केवढ्या हसल्या होत्या दोघी. महिनाभर ती थट्टा चालली. मग तिचं वळण पडलं, आणि वळणाची रीत कधी झाली ते दोघींनाही कळलं नाही. पुढं शेशिली गेली, तीन वर्षांमागं काळजाच्या दुखण्यानं प्राश्कूही गेला. अंत्यविधीच्या दिवशी चर्चच्या पायरीवर कोंचेसीनं तिला मिठी मारली आणि म्हणाली, "सांभाळा हं स्वतःला, वन्सं." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा असा.

लिफ्टच्या प्रसंगानंतर दोन दिवसांनी कोंचेसीचाच फोन आला. रविवारी जेवायला या, एकट्याच या, जरा बोलायचंय, म्हणाली. लिबे लगेच हो म्हणाली आणि मग आठवडाभर तिच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. मागायचं. या खेपेला मागायचंच. पण मागायचं कसं? "वहिनी, तुम्ही मला गं म्हणाल का" — दुकानात चष्मा लावून आरशात बघणाऱ्या गिऱ्हाइकामागं उभं राहून तिनं हे वाक्य मनात म्हणून बघितलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही गोष्ट आर्जवानं मागताच येत नाही. मागायची तर त्याच शब्दात, हक्कानं, आणि हक्क असता तर मागायची वेळच कशाला आली असती? शिवाय ती नाही म्हणाली तर? तोंडावर नाही म्हणणार नाही, हसेल, म्हणेल, काहीतरीच काय वन्सं, या वयात. मग जगाच्या पाठीवर तिला तसं हाक मारणारं माणूसच उरणार नाही. आत्ता निदान 'कदाचित' तरी आहे. हे 'कदाचित' घेऊनच बसावं, बोलूच नये, असंही तिला बुधवारी वाटलं, आणि गुरुवारी पुन्हा वाटलं की बोलावं.

बस शेवटच्या वळणावर आली आणि खाली आर्काल्दे दिसलं. लिबे त्याच गावात जन्मलेली, त्याच पायऱ्यांवर गुडघे फोडून घेतलेली, पण त्या दिवशी तिचा श्वासच अडकला. डोंगराच्या छातीला घरं चिकटलेली, एकाच्या डोक्यावर दुसऱ्याचा उंबरठा, हिरव्या-निळ्या खिडक्या, दोरीवर वाळणारे कपडे, आणि सगळ्यांच्या पायाशी ते इवलंसं बंदर, ओंजळीत पाणी धरावं तसं. त्यापलीकडं समुद्र. त्याला काही सीमाच नव्हती. आपण लहानपणी याच्याकडं ढुंकून बघत नव्हतो, लिबेला वाटलं. हा होता, बस, भिंत असावी तसा. आता तो एवढा मोठा कुठून झाला? बंदरावर रविवारची गर्दी होती. हॉटेलांनी रस्त्यातच कोळशाच्या शेगड्या मांडल्या होत्या, जाळीत धरलेले अख्खे मासे भाजत होते, धूर सरळ वर चढून वाळत्या कपड्यांत शिरत होता. बाहेरून आलेली माणसं भिंतीवर बसून बोटं चाटत होती, फोटो काढत होती. एका पोरीनं लिबेलाच मोबाईल देऊन आमचा काढता का म्हणून विचारलं. लिबेनं काढला. त्या चौकटीत पोरगी, तिचा मित्र, माशाचं ताट, आणि मागं वर, तिसऱ्या ओळीतलं, तिच्या आईचं घर, आता कोंचेसीचं. खिडकीत कुणीतरी उभं होतं. तिनं मोबाईल परत दिला आणि पायऱ्या चढायला लागली. धाप लागली तेव्हा थांबून मागं वळून पाहिलं, तर समुद्र तिच्याबरोबर वर चढलेला. हे लहानपणीही असंच व्हायचं, जितकं चढावं तितका तो उंच. बापरे, ती स्वतःशीच म्हणाली. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी आपल्याच गावाला बापरे म्हणायची पाळी आली.

"या, वन्सं," कोंचेसी दारात म्हणाली. "दम लागला ना? शहरातल्या लिफ्टनं पायांची वाट लागते." लिफ्ट म्हटल्यावर लिबे दचकली, पण ते नुसतं बोलणं होतं. कोंचेसी जाड झाली होती, केस पार पांढरे, पण हात तेच. बंदरावर जाळी सांधून सांधून दोरासारखे पिळलेले. तिनं ओट्याकडं बोट दाखवलं. मातीच्या पसरट भांड्यात कोकोत्चा मांडून ठेवल्या होत्या, हेक माशाच्या हनुवटीखालचे ते लुसलुशीत तुकडे, एका माशाला एकच. एवढ्या जमवायच्या म्हणजे चार होड्यांवरच्या लोकांना लोणी लावावं लागलं असणार. हा पाहुणचार नेहमीचा नव्हता. घर विकतेय का ही? गाव सोडून मुलीकडं व्हितोरियाला चाललीय का? तेवढ्यात तिची नजर खिडकीच्या कठड्यावर गेली. तिथं चष्मा होता. पुरुषाचा. लिबेचा धंदाच तो, तिला न उचलताही कळलं, वाचायचा, औषधाच्या दुकानात तयार मिळतो तसला, उजवी काडी वाकलेली, एका कानावर टोपी ओढून घालायची सवय असलेल्या माणसाची. प्राश्कूनं जन्मात चष्मा लावला नव्हता. तिनं नजर काढून घेतली.

तेल तापून लसूण आणि सुकी मिरची लाल झाली, काढून ठेवली, तेल कोमट झालं, त्यात कोकोत्चा सोडल्या. आता भांडं हलवायचं. चमचा नाही, पळी नाही, दोन्ही हातांनी भांडंच गोल गोल फिरवायचं, न थांबता, म्हणजे माशाचा चीक सुटतो आणि तेलात मिळून सायीसारखा रस होतो. तेल आणि मासा, तिसरं काही नाही. कोंचेसीचा खांदा दुखत होता म्हणून तिनं लिबेला हात लावायला सांगितला. लिबेनं फडक्यानं भांडं धरलं. सुरुवातीला नुसतं तेल, त्यात तरंगणारे तुकडे. मग कडेनं काहीतरी पांढुरकं, धुक्यासारखं. ती फिरवत राहिली. शेशिली याच ओट्याशी उभी राहून हेच करायची, कंबर हलायची तिची, आणि दोघी मुली टेबलाखाली बसून ते कंबरेचं हलणं बघून खुसखुसायच्या. तेलाचा रंग बदलला. ते दाटायला लागलं, आधी दुधासारखं, मग त्याहून जड, आणि लिबे बघतच राहिली. आयुष्यात हजारदा पाहिलेली गोष्ट, पण कुणी काही न घालता, नुसतं हलवल्यानं, दोन न मिसळणाऱ्या गोष्टी अशा एक व्हाव्यात? तिचा हात थांबला.

"हलव गं, थांबतेस काय, फाटेल ना ते!"

कोंचेसीचं लक्ष पूर्ण भांड्यात होतं. लिबेनं जोरात भांडं फिरवलं. तिचे कान गरम झाले, मानेवर काटा आला. तो क्रियापदाच्या शेपटीचा 'न' होता. अख्खा, ठणठणीत, चाळीस वर्षांपूर्वीचा. आणि मग कोंचेसीनंही तो ऐकला असावा, कारण तिनं भांड्यावरून नजर वर केली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "हलवा, वन्सं. थांबू नका." लिबेनं हलवलं. रस फाटला नाही.

जेवायला बसल्या. खिडकीतून खालचा धूर आणि हसणं वर येत होतं. लिबेनं पहिला तुकडा तोंडात घातला, तो जिभेवर राहिलाच नाही, आणि मागं नुसता समुद्र राहिला, खारट, गोडसर, लसणीचा जरासा चटका. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कोंचेसी म्हणाली, मिरची जास्त झाली का. लिबे म्हणाली, नाही, छान झालंय, फार छान झालंय वहिनी. मग कोंचेसीनं चाकोलीची बाटली उंच धरून दोघींच्या पेल्यांत वाईन सोडली, आणि पेला न उचलता सांगायला सुरुवात केली. बालेन्तिन. प्राश्कूच्या होडीवर इंजिन बघायचा तो, तोच, टोपीवाला, बिनलग्नाचा राहिलेला. प्राश्कू आजारी पडल्यावर डॉक्टरकडं न्यायला तोच यायचा, आणि नंतरही येत राहिला, आधी नळ बघायला, मग खिडकी, मग नुसताच. गावात बोंब झालीय, पोरगीला सांगितलंय, ती हो म्हणालीय. सप्टेंबरात लग्न करायचं म्हणतोय, चर्चमध्ये, लपूनछपून नाही. हे सगळं ती पावाचा एकच तुकडा कुसकरत, ताटाकडं बघत सांगत होती. तुमची परवानगी मागत नाहीये, ती म्हणाली, पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुम्हाला कळू नये. आणि मग थांबून म्हणाली:

"मग मी तुमची वहिनी राहणार नाही, वन्सं."

लिबेला पहिल्यांदा राग आला. खोटं कशाला बोला. प्राश्कू आठवला, भिजल्या दोरखंडाच्या वासाचा, टेबलावर याच कोपऱ्यात बसून माशाचं डोकं चोखणारा. त्याच्या जागी आता तो टोपीवाला, वाकड्या चष्म्याचा. हे आईचं टेबल. ही आईची खिडकी. यांच्यापाशी यायचा तिचा एवढाच धागा होता, नणंद असण्याचा. तो तुटला तर ती या गावची कोण? खाली भिंतीवर बोटं चाटत बसणाऱ्यांतली एक. शेशिली असती तर काय म्हणाली असती, आणि काही न म्हणता कसा चमचा खाली ठेवला असता, ते तिला लख्ख दिसलं. आणि ते दिसताक्षणी लिबेच्या डोक्यात एकदम उजेड पडला, इतका की तिनं टेबलाची कड धरली. वहिनी राहणार नाही. म्हणजे नणंदही राहणार नाही. म्हणजे त्या लग्नाच्या जेवणात जे बंधन घातलं गेलं ते, या माणसाची टोपी, त्याच्या इंजिनाचं ग्रीस घरात आलं की, घराबाहेर जाणार. आठवडाभर ती मागायचं कसं याची वाक्यं जुळवत बसली होती, आणि इथं कोंचेसी कुसकरलेल्या पावाकडं बघत वाट पाहत होती, निवाड्याची. द्यायचं तिच्या हातात होतं. नणंद म्हणून दोन शब्द म्हटले असते, तुम्ही सुखी व्हा, प्राश्कूही हेच म्हणाला असता, तर सगळं नीट झालं असतं. सगळं आदबशीर झालं असतं. भाऊ, आई, घर, टेबल, सगळ्यांवरचा हक्कही तसाच राहिला असता. तो हक्क तिनं तिथंच, त्या ताटापाशी सोडला. सोडताना दुखलं. तिनं मुद्दाम प्राश्कूच्या कोपऱ्याकडं पाहिलं, आणि मग कोंचेसीकडं.

"कर गं," ती म्हणाली. "खुशाल कर."

कोंचेसीचा हात थांबला. खालून कुणीतरी कुणालातरी फोटोसाठी हसायला सांगत होतं. लिबेला वाटलं, संपलं, चुकलंच आपलं, आता ही नुसती हसेल. इतकी वर्षं न वापरलेला तो शब्द तिच्या तोंडात परका, गावठी, मोठा वाटत होता, आणि परत घ्यायची सोय नव्हती. कोंचेसीनं मान वर केली. तिचं तोंड लाल झालं होतं.

"परत म्हण."

"काय?"

"आत्ता म्हणालीस ते."

"कर गं, म्हटलं."

कोंचेसीनं पावाचा मोठा तुकडा तोडला, भांड्यातला रस त्यानं पुसला आणि तो लिबेच्या ताटात टाकला.

"मेले," ती म्हणाली, "एवढ्यासाठी मला दुसरा नवरा करायला लावलास होय गं?"